पिलांच्या खपल्या खरवडू नका

पोळ्यापासून आमच्या परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कोंबडीच्या पिलांना देवी आली की खपल्या नखानं काढा, वर हळद-चुना भरा, पाण्यातून अँटिबायोटिक पाजा, ३ दिवसांत पिलू ठणठणीत. लस म्हणजे फुकटचा खर्च. आणि ही देवी लेकरांना लागते, सांभाळा. शेजारच्या काकूंनी तो वाचून परवा ११ पिलांच्या खपल्या काढल्या. म्हणून हे लिहितेय.

आधी खपल्यांचंच. कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स) हा विषाणूचा रोग. तिचे फोड पिसं नसलेल्या जागी येतात: तुरा, पापण्या, चोचीचा कोपरा, कधी पाय. आधी बारीक पुळी, मग चामखिळीसारखी गाठ, मग काळपट खपली. ती साधारण २ ते ४ आठवड्यांत आपली आपण गळते. नखानं उचकटली की खाली ओली जखम उरते, माशा बसतात आणि विषाणू तुमच्या बोटांवरून पुढच्या पिलाकडं जातो. वाळल्या खपलीत तो कित्येक महिने टिकतो. अंगणात फेकलेली खपली म्हणजे पुढच्या रोगाची पेरणी. गळलेल्या खपल्या आणि खालचा भुसा गोळा करून जाळा. हळदीशी माझं भांडण नाही, पण चुना खुराड्याच्या भिंतीला लावा. पिलाच्या पापणीवर लावला तर डोळा जातो.

अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. जखमेत दुसरे जंतू शिरले तरच ते लागतं, आणि किती द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं.

मग पिलं मरतात कशानं? बरीचशी भुकेनं आणि तहानेनं. काकूंच्या डालग्याखाली एक पिलू कडेला मान पोटात घालून बसलं होतं. दोन्ही पापण्या खपल्यांनी चिकटलेल्या. आई कोंबडी दाणा टाकून बोलवत होती, ते आवाजाकडं जायचं आणि भलतीकडंच चोच मारायचं. पाण्याची वाटी वीतभर अंतरावर होती. मी कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून पापणी नुसती ओली करत राहिले, ओढली नाही. चोच वाटीत टेकवली तशी ते घटाघटा प्यायलं. असं पिलू वेगळं ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हातानं पाणी पाजा, कण्या भिजवून भरवा. मेसेजनं सांगायला हवं होतं ते हे.

तोंड उघडूनही बघा. आत पिवळट पांढरा थर दिसला, पिलू चोच वासून श्वास घेत असेल, तर ती घशातली देवी. ती जास्त जीव घेते. थर ओढला तर रक्त येतं; सरळ दवाखान्यात न्या.

डासांचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि रोग मुख्यतः तेच पसरवतात. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून दारोदारी ड्रम आणि रांजण भरलेले. ते झाका, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. रात्री डालग्यावर जुनी मच्छरदाणी टाका.

माणसाला ही देवी लागत नाही. नाव एक असलं तरी माणसाच्या देवीचा विषाणू वेगळा होता. ती जगातून संपल्याचं १९८० साली जाहीर झालं. कांजिण्यांचाही वेगळाच. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या गेल्या, तेव्हापासून आपल्याकडं लोक धास्तावलेत, ते मला कळतं. पण देवी सावकाश पसरते. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर ते दुखणं निराळं. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

राहिली लस. एकदा रोग झाल्यावर त्यावर औषध नाही, म्हणून लसच खरा उपाय. सहसा ६ ते ८ आठवड्यांच्या पिलाला पंखाच्या पातळ कातडीत दोन टोकांच्या सुईनं टोचतात. एका बाटलीत पुष्कळ पिलांचे डोस असतात आणि बाटली फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून घरटी एक आणण्यापेक्षा गल्लीनं मिळून, बर्फातून आणावी. टोचल्यावर ७ ते १० दिवसांनी पंख उचलून बघा. तिथं बारीक सूज किंवा खपली असेल तर लस लागली. काहीच नसेल तर पुन्हा टोचून घ्या.