शुगरवाल्यांनो, डोळ्यात कांद्याचा रस घालू नका

"शुगरमुळे पडद्यावर आलेले ठिपके चाळीस दिवसांत साफ, लेझर नको, डॉक्टर नको" असा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. तो आमच्या काकूंकडेही आला. त्यांना मागच्या तपासणीत पडद्यावर सुरुवातीचे बदल सांगितलेत, आणि हा मेसेज वाचून त्यांनी पुढची तपासणी सोडून दिली. फ्रीजच्या दारात इन्सुलिनच्या शेजारी कांद्याचा रस नि मध भरलेली ड्रॉपरची बाटली उभी! संताप झाला, म्हणून लिहितेय.

"रोज दोन थेंब, जळजळलं तर समजा घाण बाहेर पडतेय." अहो, पडदा म्हणजे रेटिना, तो डोळ्याच्या पार मागच्या बाजूला असतो. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांना फुगे येतात, रक्त झिरपतं, ठिपके म्हणतात ते हेच. पुढून घातलेला रस तिथवर पोचतच नाही. तो पोचतो बुबुळावर, तिथे आग होते म्हणून पाणी येतं, घाणबिण काही नाही. आणि घरी वाटून, फडक्यातून गाळून चार दिवस ठेवलेला रस निर्जंतुक थोडाच असतो? शुगरवाल्याच्या बुबुळाला जखम होऊन ती चिघळली तर फूल पडतं, कायमचं. मागचा आजार तसाच, वर पुढून नवीन दुखणं.

"पंधरा दिवसांत स्पष्ट दिसायला लागतं." यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. त्याच मेसेजात गोड बंद करायलाही सांगितलंय ना! साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाला सूज येते, नंबर बदलतो, साखर ताब्यात आली की पुन्हा नीट दिसतं. साखर आणि बीपी सांभाळलं तर सुरुवातीचे ठिपके कमीसुद्धा होऊ शकतात. पण हे श्रेय पथ्याचं आणि गोळ्यांचं, कांद्याचं नाही.

"दिसतंय तोवर तपासणी कशाला." कारण हा आजार बरीच वर्षं काहीच जाणवू देत नाही. म्हणून तर टाइप २ वाल्यांनी शुगर निघाली तेव्हाच आणि मग दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा, बदल दिसले असतील तर डॉक्टर सांगतील तसं लवकर. बाहुली मोठी करायच्या ड्रॉप्सने काही तास धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही, सोबत कुणीतरी लागतं, काकूंचा खरा कंटाळा तो आहे. मग सोबत आपण जायचं.

"लेझरने नजर जाते." हे लिहिणाऱ्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. एक तर सुरुवातीच्या बदलांना बहुतेक वेळा लेझर लागतच नाही. आणि ज्यांचा आजार पुढे गेलाय त्यांच्यासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकात डायबेटिक रेटिनोपॅथी (म्हणजे हाच शुगरमुळे होणारा पडद्याचा आजार) स्टडी झाला, सतराशेच्या वर पेशंट, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसरा तसाच ठेवलेला. लेझर केलेल्या डोळ्यांत नजर अगदी जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, इतका फरक की १९७६ मध्ये स्टडीचे नियम बदलून राहिलेल्या डोळ्यांनाही लेझर करायची मुभा दिली. हो, पडद्याच्या मोठ्या भागावर लेझर केल्यावर बाजूचं आणि रात्रीचं थोडं कमी दिसू शकतं. पण लेझरनंतरही नजर गेलेले बरेच जण मुळात फार उशिरा आलेले असतात, आणि दोष येतो लेझरवर.

गाजराचं काय? खा की, कोशिंबीर करून खा. हलवा नको.

आणि डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळं तरंगायला लागलं, पडदा ओढल्यासारखं झालं, किंवा दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तर ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.