‘कुबडी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी डोकं शांत ठेवून पुन्हा वाचली. साइटवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा हवा तसा रिपोर्ट एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून स्वतः करणाऱ्या भाषेच्या मॉडेलला, काढून देणाऱ्या टूलबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: जाहिरात खात्याच्या डॅशबोर्डवर हे काम दोन क्लिकमध्ये होतं, भाषेचं मॉडेल आकडे मनाने रचतं, खात्याची चावी त्याच्या हाती देणं मूर्खपणाचं आहे. आणि शेवटचं वाक्य: ‘ज्याला स्वतःचा डॅशबोर्ड वाचता येत नाही, त्यालाच ही कुबडी लागते.’

पहिल्या तिन्हींवर वाद घालता येतो. चौथा मुद्दा नव्हे, टोमणा आहे. तो मला लागला, हे लपवत नाही.

आधी माझी चूक. लेखातल्या तक्त्यात रकान्याच्या वर मी नुसतं ‘उत्पन्न’ लिहिलं होतं, तिथे ‘अंदाजित उत्पन्न’ हवं होतं. अवैध ट्रॅफिकची (खोट्या क्लिकची आणि व्ह्यूंची) वजावट होऊन महिन्याचा हिशेब पक्का होईपर्यंत तो आकडा अंदाजच असतो. तुम्ही हे जाता जाता म्हटलंत, पण बरोबर म्हटलंत. दुरुस्ती केली आहे.

आता डॅशबोर्ड वाचण्याविषयी. बारा वर्षं मी दर सोमवारी सकाळी जाहिरात खात्यातून सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल) उतरवून घेतली, एक्सेलमध्ये चिकटवली आणि रिपोर्ट तयार केले. स्वतःच्या साइटसाठी आणि इतरांच्याही साइटसाठी. ॲड युनिटची (पानावरच्या जाहिरातीच्या जागांची) नावं बदलली की सूत्रं मोडायची, ती रात्री बसून जोडली. तेव्हा कुबडी नव्हती. आणि एवढं सगळं वाचता येत असूनही मी सलग पाच महिने चुकीचा आरपीएम कळवत होतो.

चूक साधी होती. आरपीएम म्हणजे दर हजार पेजव्ह्यूमागचं उत्पन्न. मी प्रत्येक पानाचा आरपीएम घेऊन त्यांची सरासरी काढत होतो. समजा, एका पानाला १०,००० व्ह्यू आहेत आणि आरपीएम २०. दुसऱ्याला फक्त १०० व्ह्यू, पण आरपीएम २००. माझ्या शीटमध्ये सरासरी यायची ११०. खरं उत्पन्न २०० अधिक २०, म्हणजे २२०. त्याला १०,१०० व्ह्यूंनी भागून हजाराने गुणलं की येतात २१.७८. चूक पाचपटीची! त्या आकड्याच्या भरवशावर मी एका माणसाला ‘कमी वाचली जाणारी पानं वाढवा’ असा सल्ला दिला, आणि त्याने तो ऐकला. त्याला फोन करून चूक सांगितली तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून कुणी ‘वाचता येत नाही’ असं सहज लिहून जातं, तेव्हा मला राग येतो. वाचता येणारा माणूसही थकतो, घाईत असतो, सूत्र एक ओळ खाली ओढायला विसरतो.

म्हणून सांगतो, या टूलमध्ये हिशेब मॉडेल करतच नाही. एजंट फक्त विनंती भरतो: कुठल्या तारखा, कुठले डायमेन्शन (आकडे कशानुसार वेगळे करायचे), कुठली मेट्रिक (कुठला आकडा हवा), कुठला फिल्टर. आकडे जाहिरात यंत्रणेच्या एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रॅमना थेट माहिती देणाऱ्या तिच्या दारातून, येतात आणि एकूण आरपीएमही तिथूनच मोजून येतो. परवाचं उदाहरण देतो. मी विचारलं, ‘लेखाखालच्या जाहिरातीचं मोबाइलवरचं उत्पन्न का घसरलं?’ एजंटने तारीख आणि प्लॅटफॉर्म हे डायमेन्शन घेतले, त्या एकाच ॲड युनिटचा फिल्टर लावला, अंदाजित उत्पन्न, इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली) आणि इम्प्रेशनचा आरपीएम (दर हजार इम्प्रेशनमागचं उत्पन्न) मागवला, आणि मागच्या २८ दिवसांची त्याआधीच्या २८ दिवसांशी तुलना केली. ३० नव्हे, २८, कारण पूर्ण चार आठवडे घेतले की दोन्हीकडे शनिवार-रविवार सारखेच येतात. आरपीएम जिथल्या तिथे होता, इम्प्रेशन घटली होती. म्हणजे दर पडला नव्हता, जाहिरातच कमी वेळा दिसत होती. थीम बदलताना ती पानाच्या फार खाली गेली होती. हे डॅशबोर्डवर दिसत नाही असं मी म्हणत नाही. पण दोन क्लिकमध्ये दिसतं, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. तुम्ही स्वतः किती क्लिक केले ते मोजून लिहा.

आकडे रचण्याचा धोका टूलशिवाय नक्कीच आहे. नुसत्या मॉडेलला उत्पन्न विचाराल तर ते काहीही सांगेल. टूल असतं ते त्यासाठीच. ॲडमॉबच्या (गूगलच्या ॲपमधल्या जाहिरातींच्या सेवेच्या) एपीआयमधून उत्पन्न मायक्रोमध्ये, म्हणजे चलनाच्या दहा लाखाव्या भागात, येतं, साडेसहा डॉलर तिथे ६५,००,००० असे दिसतात. हे रूपांतर मॉडेलवर न सोडता टूलने करून द्यावं. ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या वेबसाइटवरच्या जाहिरातींच्या सेवेत, रिपोर्ट खात्याच्या टाइमझोनने हवा की गूगलच्या, हेही ठरवता येतं. ते उत्तरात छापून आलं नाही, तर दोन रिपोर्टचे ‘काल’ वेगळे निघतात आणि माणसं उगाच एकमेकांवर संशय घेतात. लेखात मी हे दोन्ही लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, याची मला शंका आहे.

चावीबद्दल थोडक्यात: ॲडसेन्समध्ये फक्त वाचण्यापुरती परवानगी देता येते आणि पासवर्ड कुणालाच द्यावा लागत नाही. हा विषय माझ्यापुरता इथे संपला.

तुमचं वय, अनुभव मला माहीत नाही आणि त्यावर मी बोलणार नाही. तुम्हीही माझ्या अक्कलहुशारीवर न बोलता टूलवर बोला. एजंटने दिलेला एक चुकीचा आकडा, त्याने पाठवलेली विनंती शेजारी ठेवून, इथे दाखवा. मी तो लेखाच्या सुरुवातीलाच लावेन.