विसापूरची योजना, दिल्लीचा कायदा आणि समोरच्या बाकांवरची माणसं

देशभरातल्या ग्रामीण मजुरांना कामाचा हक्क देणाऱ्या कायद्याचं मूळ सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आहे, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना ठाऊक नसतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. विसापूरचे वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं आणि त्या कामातून गावाच्या उपयोगाचं काहीतरी उभं करायचं, हा प्रयोग त्यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात करून बघितला. पुढे 72 चा दुष्काळ पडला आणि तीच कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली.

आत्ता हे लिहायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे महात्मा गांधींच्या नावाने असलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या, जागी नवा कायदा आणला. 16 तारखेला विधेयक लोकसभेत मांडलं. 18 तारखेला गोंधळात, आवाजी मतदानाने ते मंजूर झालं. त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर राज्यसभेनेही ते मंजूर केलं. 21 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही आणि विरोधकांनी सभागृहात कागद फाडले.

त्यानंतर आमच्या ग्रुपवर जे व्हायचं तेच झालं. एक गट म्हणाला, गांधीजींचं नाव काढलं. दुसरा म्हणाला, शंभराचे सव्वाशे दिवस केले, ते बघा की. दोन्ही मुद्दे बोलण्यासारखे आहेत. पण माझा जीव तिसऱ्याच गोष्टीत अडकलाय. एवढा मोठा कायदा तीन दिवसांत बदलला आणि समोरच्या बाकांवरच्या एकाही माणसाचा त्याला हात लागला नाही. हाच कायदा आधी मुंबईत आणि मग दिल्लीत घडला, तेव्हा दोन्ही वेळा उलट झालं होतं.

आधी मुंबईचं सांगतो. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला तेव्हा सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. सरकार काँग्रेसचं, पागेही काँग्रेसचे. पण सभागृहात समोर शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) होता, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील शेकापकडून विधान परिषदेत होते. ही माणसं सरकारला एका मुद्द्यावरही सहज सोडणारी नव्हती. तरी दोन्ही सभागृहांनी हा कायदा एकमताने मंजूर केला. पुढचा भाग तर मला फार मोलाचा वाटतो. राष्ट्रपतींची मंजुरी येईपर्यंत जुलै 1978 मध्ये दादांचं सरकार पडलं. कसं पडलं हे सांगलीकरांना सांगायला नको, ती जखम इथे अजून बोलली जाते. त्यानंतर शरद पवारांचं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं आणि एन. डी. पाटील त्यात सहकारमंत्री झाले. ज्यांनी दादांना खाली खेचलं, त्यांच्याच सरकारने 26 जानेवारी 1979 पासून हा कायदा अमलात आणला. आधीच्यांचा आहे म्हणून कुणी फाइल बाजूला टाकली नाही, कारण तो कायदा त्यांचाही होता.

आणि पैसा कुठून आला? 1975 साली राज्याने व्यवसाय कर लावला तो या योजनेसाठी. नोकरदारांच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराने जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतल्या मजुराच्या हजेरीसाठी पैसे द्यायचे, असा तो हिशेब होता. शहरातल्या आमदारांना हे आपल्या मतदारांना समजावून सांगावं लागलं असणार. सगळे पक्ष सोबत नसते, तर पुढच्या निवडणुकीत कुणीतरी ‘कर रद्द करतो’ म्हणून मतं मागितली असती.

माझी आज्जी 72 साली खडी फोडायला जायची. दुष्काळात मिळणाऱ्या मिलो ज्वारी आणि सुकडीच्या आठवणी घरोघरी आहेत, त्यामुळे लांबत नाही. पण आमच्या भागात जे पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती आहे, त्यातलं बरंचसं रोजगार हमीच्या हातांनी झालंय. 1990 नंतर याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. आटपाडीच्या माळावर डाळिंब दिसतं त्यात या निर्णयाचाही वाटा आहे. साताऱ्यातल्या माण-खटावच्या लोकांना विचारा, ते आणखी सांगतील.

आता दिल्ली. राष्ट्रीय रोजगार हमीचं विधेयक डिसेंबर 2004 मध्ये संसदेत आलं. सरकार काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या यूपीए आघाडीचं, ग्रामविकास मंत्री राजदचे रघुवंशप्रसाद सिंह. विधेयक ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. त्या समितीचे अध्यक्ष होते भाजपचे कल्याण सिंह. बाबरी पडली तेव्हाचे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री. म्हणजे दोन बाजूंमध्ये किती अंतर होतं याची कल्पना करा. मूळ विधेयकात ही हमी फक्त गरीब कुटुंबांपुरती होती. म्हणजे बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) यादीत नाव नसेल तर काम नाही. आणि त्या यादीत कुणाचं नाव लागतं, कुणाचं राहून जातं, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही. समितीने सांगितलं, ही अट नको. जुलै 2005 मध्ये अहवाल आला, आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला तो अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या प्रत्येक ग्रामीण कुटुंबासाठी. विरोधी पक्षाच्या अध्यक्षाखालच्या समितीने सरकारचं विधेयक गरिबांच्या बाजूने आणखी रुंद केलं. भाजपनेही कायद्याला पाठिंबा दिला.

त्याचा फायदा पुढे दिसला. 2015 साली पंतप्रधानांनी लोकसभेत या योजनेला काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं, पण ती चालू ठेवली. 2020 मध्ये कोविडात मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा त्याच सरकारने 61,500 कोटींच्या मूळ तरतुदीत आणखी 40,000 कोटी घातले. पुण्या-मुंबईहून परत आलेली कितीतरी पोरं त्या उन्हाळ्यात आपल्या गावात या योजनेच्या मस्टरवर (हजेरीपटावर) होती. कायदा आधीच उभा होता म्हणून हे जमलं.

समितीत नेमकं काय होतं, हे आपण कधी विचारतच नाही. 1993 पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. आज त्या 24 आहेत. एका समितीत 31 खासदार असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. मंत्री त्यात बसू शकत नाही. बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नसतो आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या हा आदेश, लागू होत नाही. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून सभागृहात खासदाराने व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाते. त्यामुळे तिथे तो मनात काहीही असलं तरी पक्ष सांगेल तसंच मत देतो. समितीत मात्र तो सचिवांना समोर बसवून विचारू शकतो, अभ्यासकांना आणि संघटनांना बोलावू शकतो. आपला मुद्दा पटला तर समोरच्या पक्षाचा माणूसही मान हलवतो, कारण बघायला टीव्ही नसतो.

ही जागाच रिकामी होत चाललीय. पीआरएस ही संस्था संसदेच्या कामाची नोंद ठेवते. तिच्या आकड्यांनुसार 15 व्या लोकसभेत, म्हणजे 2009 ते 2014 मध्ये, 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. 17 व्या लोकसभेत हे प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. तीन कृषी कायदे 2020 मध्ये असेच घाईने झाले. राज्यसभेत विरोधक निवड समिती मागत राहिले आणि आवाजी मतदान उरकलं गेलं. नोव्हेंबर 2021 मध्ये ते कायदे मागेही तसेच चर्चेविना घेतले गेले. मधलं वर्ष शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले होते. त्या कायद्यांत काही चांगलं असेल तर तेही गेलं. आणि हा दोष एकाच पक्षाचा नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये तेलंगणाचं विधेयक लोकसभेत मंजूर होत होतं तेव्हा थेट प्रक्षेपण बंद झालं होतं. सरकार काँग्रेसचं होतं आणि पाठिंबा भाजपचा.

आता कुणी म्हणेल, सगळे एकत्र आले की आपलं भलंच होतं असं कुठंय? बरोबर आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्याचं बघा. काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही तो मोडला, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 साली म्हटलं. मग 2018 च्या वित्त विधेयकातून तो कायदा थेट 1976 पासून पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला. लोकसभेत त्यावर चर्चा झाली नाही. आमदारांच्या पगारवाढीची विधेयकं कशी झटक्यात मंजूर होतात, तेही आपण पाहिलंय. याला मी सहकार्य म्हणत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: एकत्र येण्याआधी भांडण झालं का, आणि त्या भांडणातून मजकुरात काही बदललं का.

भूसंपादनाचा 2013 चा कायदा या कसोटीवर उतरतो. त्याआधी 1894 चा इंग्रजी कायदा होता. त्याच्या जोरावर काय झालं हे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा, त्यांच्या तिसऱ्या पिढीचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. 2011 चं विधेयक तेव्हाचे ग्रामविकास मंत्री, काँग्रेसचे जयराम रमेश यांचं. समितीच्या अध्यक्ष भाजपच्या सुमित्रा महाजन, जन्माने चिपळूणच्या, म्हणजे कोयनेचं पाणी वीज करून जिथे उतरतं त्या बाजूच्या. समितीचा अहवाल आला, मग 2013 मध्ये सर्वपक्षीय बैठका झाल्या, विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांच्या सूचना सरकारने घेतल्या. लोकसभेत 216 विरुद्ध 19 मतांनी तो मंजूर झाला. पुढे 31 डिसेंबर 2014 ला वटहुकूम काढून त्यातली जमीनमालकांच्या संमतीची अट अनेक प्रकल्पांसाठी काढायचा प्रयत्न झाला, पण तो तडीस गेला नाही. ज्या पक्षाने कायदा घडवायला हात लावला होता, त्यालाच तो मोडणं जड गेलं. आज शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणारे मिरज-तासगावकडचे शेतकरी संमती आणि मोबदल्याचं बोलतात, तेव्हा त्यांच्या हातात या कायद्याची भाषा असते.

नव्या रोजगार कायद्याबद्दल मी पूर्वग्रह ठेवून बोलत नाही. 125 दिवस ही चांगली गोष्ट आहे. पण खर्चाचा 40 टक्के वाटा आता राज्याला उचलायचाय. पेरणी-काढणीच्या काळात मिळून 60 दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. शिराळ्यातल्या भाताचा हंगाम आणि जतच्या शाळूचा हंगाम एक नाही. तासगावात द्राक्षाची छाटणी एप्रिलमध्येही असते आणि ऑक्टोबरमध्येही. बागेत जाणारा मजूर वेगळा आणि बागेपर्यंत पोहोचू न शकणारी साठ वर्षांची बाई वेगळी. हे सगळं समितीत बोललं गेलं असतं. मध्यरात्रीच्या गोंधळात कोण बोलणार?

2024 ला सांगलीने अपक्ष खासदार पाठवला, साताऱ्याने भाजपचा. दोघांकडेही माझं एकच मागणं आहे. पुढच्या वेळी ते भूमिपूजनाला किंवा लग्नाला येतील तेव्हा त्यांना विचारा, साहेब, तुम्ही कोणत्या समितीत आहात, किती बैठकांना गेलात, आणि समोरच्या पक्षाच्या कुणाबरोबर मिळून एखादी सूचना दिलीत का? रागाने विचारू नका, पण विचारा.

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. नव्या कायद्याखाली राज्याला स्वतःची योजना तयार करायचीय. महाराष्ट्र विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे, दोन्ही सभागृहांची, सर्व पक्षांच्या आमदारांची. ती जिल्ह्यांचे दौरे करते, कामं प्रत्यक्ष बघते. राज्याची योजना जाहीर होण्याआधी या समितीने जत, आटपाडी आणि माणमध्ये उघडी सुनावणी घ्यावी, मजुरांना, ग्रामसेवकांना आणि बागायतदारांना बोलवावं, आणि समितीचं म्हणणं योजनेसोबत सभागृहासमोर ठेवावं, असं निवेदन मी तयार केलंय. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या आमदारांना ते द्यायचंय, पक्ष न बघता. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला मेसेज करा. मजूर बायकांच्या सह्या आणि अंगठे आधी घेऊया, आपल्या नंतर.