दर महिन्याला औषध पाजूनही जंत का राहतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेळ्यांच्या जंतांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "दर महिन्याला अल्बेंडाझोल पाजतो, दोनदा कंपनी बदलली, तरी शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरतं. आणि तुम्ही म्हणता सगळ्या कळपाला सरसकट पाजू नका. मग मरू द्यायच्या का?"

मुळीच नाही. जबड्याखाली सूज, पापणी आतून पांढरी, अशा शेळीला आजच औषध हवं. पण ते अल्बेंडाझोल नको.

कंपनी बदलली तरी बाटलीतला घटक तोच राहिला. फेनबेंडाझोलही त्याच गटातलं, त्यामुळे एकाला दाद न देणारा जंत दुसऱ्यालाही सहसा देत नाही. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, क्लोझँटेल हे निराळे गट. कोणता घ्यायचा ते पशुवैद्यकांना शेळ्या दाखवूनच ठरवा.

तुमच्या वर्णनावरून हा बहुधा हिमोंकस नावाचा जंत. तो चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, म्हणजे हजार जंतांना रोज ५० मिली. म्हणून जुलाब नसतानाही शेळी पांढरी पडते. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. पावसाळी उबेत लेंडीतच ती फुटतात, आठवडाभरात अळी गवतावर चढण्याजोगी होते आणि दवाच्या ओलीतून पात्यावर येते. चरताना पोटात गेली की साधारण ३ आठवड्यांत तिचीही अंडी सुरू.

आता तुमच्या मासिक पाजणीचा हिशेब लावा. सगळ्या शेळ्यांना औषध दिलं की पोटात उरतात ते फक्त औषध पचवलेले जंत, आणि पुढची अंडी त्यांचीच. काही शेळ्या न पाजता सोडल्या तर त्यांच्यातल्या साध्या जंतांची अंडीही रानात पडतात, प्रतिकारक जंतांचा भरणा तितक्या वेगानं होत नाही. म्हणून पावसाळ्यात दर १५ दिवसांनी खालची पापणी बघा. लालगुलाबी असेल तर सोडा, फिकी असेल तर पाजा.

एक चूक मात्र माझीच. लेखात शेळी-मेंढीचा डोस एकत्र लिहिला होता. दुरुस्त केला आहे. शेळीचं शरीर अल्बेंडाझोल लवकर बाहेर टाकतं. २.५ टक्क्यांचं औषध ३० किलोच्या मेंढीला ६ मिली, तर शेळीला १२ मिली लागतं. कमी डोसनं जंत मरत नाहीत, सरावतात. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात हे औषध टाळा. लेव्हामिसोलला मात्र दुपटीचा हिशेब लावू नका, विषबाधा होते. वजन अंदाजे न धरता काट्यावर करा आणि औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडा.

खात्री करायची तर १० शेळ्यांच्या लेंड्या पाजण्याच्या दिवशी आणि १४ दिवसांनी तपासून घ्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होत चाललंय. शेळ्या भातखाचरात किंवा ओढ्याकाठी चरत असतील तर यकृतातल्या चपट्या कृमींचीही शंका घ्या. जबड्याखाली सूज त्यांच्यामुळेही येते, आणि त्यांची जड अंडी नेहमीच्या तरंगवून केलेल्या तपासणीत निसटतात. तळाशी बसवून तपासा असं प्रयोगशाळेला आवर्जून सांगा.