काचस्पंज कोळंबी खात नाही

विणलेल्या पांढऱ्या नळीसारख्या जाळीचा फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर असा: ही खोल समुद्रातली मांसाहारी वनस्पती, कोळंबीची जोडी कोंडून खाते आणि फक्त फिलिपीन्सजवळ सापडते. फोटो खरा आहे, मजकूर चुकीचा.

हा युप्लेक्टेला, काचस्पंजांपैकी एक प्राणी. त्याला तोंड नाही, पोट नाही. कोळंबी खाणं त्याच्या शरीररचनेतच बसत नाही. भिंतीतल्या छिद्रांतून पाणी आत ओढून तो जीवाणू आणि सूक्ष्म कण गाळून घेतो. जाळी बनते सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या मूळ घटकाच्या, सुयांची, आणि तळाशी केसांसारख्या लांब सुयांचा झुबका मऊ गाळात रुतलेला असतो. कोळंब्या लहान असताना आत शिरतात, वाढल्यावर बाहेर पडू शकत नाहीत. पण त्या आत जगतात, त्यांची वीणही तिथेच होते. मला तरी हे त्या मजकुरापेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४१ मध्ये वर्णन केलेली जात फिलिपीन्सची. 'फक्त' बहुधा तिथूनच आलं असावं. युप्लेक्टेलाच्याच इतर जाती हिंदी महासागरात आणि अटलांटिकमध्येही आहेत.

फोटो जरूर पाठवा, तो मजकूर मात्र कृपया काढून टाका. ज्यांना आधीच पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.