मग त्या चोराचं काय?

बाप्तिस्म्यावरच्या (ख्रिस्ती होतानाच्या पाण्याच्या विधीवरच्या) या लेखात बायबलमधलं योहान ३:५ ('पाणी आणि आत्मा यांपासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही') देऊन लेखकाने 'बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही' असं ठोकून दिलंय. मग येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या ज्या चोराला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं येशूने सांगितलं, त्याला कोणी, कुठल्या पाण्यात बुडवलं? मार्क १६:१६ चा उत्तरार्धही वाचा. दोषी ठरतो तो विश्वास न ठेवणारा, तिथे पाण्याचं नावच नाही. आपल्या नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना रेल्वेत नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) मिळाला, तो वाचून ते येशूकडे वळले. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईत. मधल्या काळात ते कोणाचे होते?

बाप्तिस्मा घ्यावाच, आज्ञाच आहे ती. पण माझ्या मोठ्याईला दवाखान्यात पाद्रीसाहेबांनी स्टीलच्या वाटीतल्या पाण्याने बाप्तिस्मा दिला, उशी ओली झाली, तेव्हा ती पुटपुटली, "येशू तं आधीच आला ना बाप्पा मायाजवळ."