ड्रायव्हर लेथवर काढून मिळत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. ‘दहा वर्षं जुन्या स्कॅनरला ड्रायव्हर मागणारे उद्या आजोबांच्या स्कूटरलाही वॉरंटी मागतील!’ खाली चार मुद्दे: गाडीलाही कंपनी जन्मभर पुरत नाही, जुन्या मॉडेलसाठी कोड लिहिणं परवडत नाही, जुने ड्रायव्हर धोक्याचे असतात, आणि नवा स्कॅनर चार-पाच हजारांत येतो. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला यंत्राशी बोलायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर. नाशिकला अशोक स्तंभाजवळ प्रिंटर-स्कॅनर दुरुस्तीवर माझं पोट चालतं, म्हणून गप्प बसवेना.

आधी स्कूटर. कंपनीने पार्ट बंद केला की आपण सातपूरला टर्नरकडे जातो, झिजलेला बुश दाखवतो, संध्याकाळपर्यंत तो लेथवर नवा काढून देतो. कंपनीने हात वर केले म्हणून गाडी अडत नाही. ड्रायव्हर कुठल्या लेथवर काढायचा? स्कॅनरला कोणती आज्ञा दिली की तो काय करतो, हे कंपनीच्या कपाटात कुलूपबंद. ती स्वतः दुरुस्त करत नाही आणि दुसऱ्याला बोनेटही उघडू देत नाही.

माझ्या टेबलावर आत्ता जिल्हा न्यायालयातल्या एका वकीलसाहेबांचा स्कॅनर आहे. काच स्वच्छ, दिवा लागतो, कॅरेज विनाअडथळा सरकतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून त्यांनी विंडोज ११ चा पीसी घेतला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण उगवला, म्हणजे ड्रायव्हर नाही. विंडोज ३२ बिट (जुनी) आणि ६४ बिट (नवी) अशा दोन जातींचं असतं; कंपनीने ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा दिलेला. साहेबांच्या जुन्या ३२ बिट विंडोज १० वर तो चालायचा. विंडोज ११ मात्र ६४ बिटमध्येच निघालं आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. तोच स्कॅनर, तीच वायर, मी दुकानातल्या लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) जुनाट लॅपटॉपला लावली. पहिल्या फटक्यात सातबारा स्कॅन झाला, तलाठ्याचा फिकट शिक्कासुद्धा वाचता आला. मग म्हातारं कोण झालं होतं?

परवडत नाही, हे अर्धं खरं. २००७ च्या विंडोज व्हिस्टाच्या वेळी ड्रायव्हरची रचना बरीच बदलली, ६४ बिटवर ड्रायव्हर कोणाचा हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची अट आली. तेव्हा कंपन्यांना खरंच काम पडलं. पण दर मॉडेलला शून्यापासून लिहावं लागतं, ही थाप आहे. आतली चिप अनेकदा तिसऱ्याच कंपनीची असते. लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या ‘सेन’ या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात जेनेसिस लॉजिकच्या चिपांसाठी लिहिलेला एकच भाग कॅनन, एचपी, प्लसटेक अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे स्कॅनर चालवतो. आणि हॅमरिक बापलेकांचं ‘व्ह्यूस्कॅन’ हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर हजारो मॉडेल चालवतं, तेही पैसे घेऊन, तोट्यात नाही. बापलेकांना जमतं ते कंपनीला जमेना?

धोक्याचं म्हणाल तर जुन्या ड्रायव्हरमध्ये हॅकरला शिरायला भोकं सापडतात, मान्य. पण नवा दिलाच नाही तर माणूस काय करतो? त्या एका यंत्रापायी सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज ७ चा पीसी नेटला जोडून ठेवतो. अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशीनशेजारचे असे पीसी मी स्वतः पाहिलेत.

नवा घ्या, हा मुद्दा वाचून हसूच आलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत भंगाराची जबाबदारी उत्पादकावर आहे. चालतं यंत्र भंगार ठरवायची मोकळीक मात्र तशीच.

मग कंपनीने ड्रायव्हर किती वर्षं द्यावा? माझं म्हणणं, शेवटचा नग बाजारात आल्यापासून दहा. पहिला नग आला तेव्हापासून मोजलं तर उशिरा घेणारा फसतो. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनला पाच वर्षं अपडेटची सक्ती केली, तीही विक्री थांबल्यापासून मोजून. दहा वर्षांनंतर कंपनीने सुटावं खुशाल, पण आज्ञांची यादी जाहीर करून.

वकीलसाहेबांनी आता तो लिनक्सचा लॅपटॉपच मागितलाय. भाव अजून ठरायचाय.